वाचनालयाचे कार्यक्रम नेमके कुठल्या महिन्यात घ्यायचे? (तासगावकडचा प्रश्न)

बेदाणा

मंडळी, नमस्कार. तासगाव तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीत आहे. वाचनालय सरकारी वर्गवारीत 'क' वर्गातलं. ग्रंथपाल म्हणून एक बाई, एक शिपाई, थोडी लोखंडी कपाटं, वर्तमानपत्रांचं लांबडं टेबल आणि मागं अभ्यासिकेची खोली, एवढाच पसारा. पुढच्या बैठकीत वर्षभराचं कार्यक्रमपत्रक मंजूर करायचंय आणि ते लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

सध्याचं पत्रक म्हणजे गेल्या वर्षीचंच, वरचं साल खोडलेलं. २३ एप्रिल जागतिक पुस्तक दिन. १२ ऑगस्ट, डॉ. रंगनाथन यांची जयंती, ग्रंथपाल दिन. १५ ऑक्टोबर, डॉ. कलाम यांची जयंती, वाचन प्रेरणा दिन. १४ ते २० नोव्हेंबर ग्रंथालय सप्ताह. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन. यातल्या एकाही दिवसाला माझा विरोध नाही. पण होतं काय, तर तसबीर, हार, नारळ, अध्यक्षांचे दोन शब्द (ते दोन कधीच नसतात), शाळेतून रांगेनं आणलेली पोरं आणि फोटो. फोटो अहवालाला चिकटला की झालं.

आता या तारखा द्राक्षपट्ट्यात कुठं येऊन पडतात ते बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. मग फुटवे, फुलोरा, आणि वर आभाळ आलं की डाऊनी रोगाची धास्ती. दिवाळीच्या तोंडावर पाऊस झाला तर आमच्याकडं फटाक्यांपेक्षा ब्लोअरचा आवाज जास्त. पहाटे फवारणी करून आलेला माणूस ग्रंथालय सप्ताहाला कशाला येईल? फेब्रुवारी-मार्चात काढणी आणि बेदाण्याची शेडं. घड कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, जाळ्यांवर पसरायचे, दोनेक आठवडे वाळवायचे. घरातली बाई-बापई सगळी तिथंच. मराठी भाषा गौरव दिनाला सभागृहात खुर्च्या मोजत बसावं. एप्रिलला खरडछाटणी, मेमध्ये विरळणी, शेंडे मारणं. पाऊस लागला, काडी पिकायला लागली, की मग कुठं माणूस निवांत ओट्यावर बसतो. म्हणजे आषाढ-श्रावणात. आणि त्या दोन महिन्यांत आमच्या पत्रकावर काय आहे? १२ ऑगस्टचा हार.

वर्गणीचंही तेच. हिशेब मार्चअखेरचा, म्हणून वसुलीला मार्चमध्ये निघायचं, आणि लोकांचा पैसा तेव्हा जाळीवर वाळत असतो. सौदा झाल्यावर तोच माणूस न मागता दोन वर्षांची वर्गणी भरून जातो.

गेल्या श्रावणात ग्रंथपालबाईंनी स्वतःच्या डोक्यानं एक गोष्ट केली. आमच्या देवळात चातुर्मासात पोथी लागते. एकजण वाचतो, एकजण अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात. पोथी उठली की त्याच मंडपात अर्धा-पाऊण तास एक कादंबरी मोठ्यानं वाचायची, रोज थोडी. कादंबरी दुष्काळी भागातली. नाव सांगत नाही, नाहीतर धागा त्या लेखकावरच घसरेल. सुरुवातीला पोथीतली चार माणसं केवळ बाईंच्या भिडेखातर थांबायची. गोष्टीत बैल विकायचा प्रसंग आला आणि गर्दी वाढली. त्या बैलाला बाजारात काय भाव यायला हवा होता यावर वाचन थांबवून वाद झाला. वाचनालयाची पायरी न चढलेल्या म्हाताऱ्या, रस्त्यात ग्रंथपालबाईंना गाठून 'पुढं त्या पोराचं काय झालं गं?' विचारायला लागल्या. दोघीतिघींनी सुनेला पाठवून पुस्तक घरी मागवलं, म्हणजे सुना सभासद झाल्या.

हे बैठकीत सांगितलं तर उत्तर आलं, 'चांगलंय, पण त्याचा फोटो कुठाय?'

तर विचारणा अशी: तुमच्या गावचं वाचनालय कुठल्या मोसमात खरोखर भरतं? तारखा कुणी ठरवल्या? आणि दिवाळी अंक योजना तोट्यात जाते म्हणून बंद करावी असा एक सूर आमच्यात निघालाय, त्यावरही बोला.

माईघाट

श्रावणाचं कौतुक तुमच्या माळावर ठीक आहे हो. आम्ही सांगलीत गावभागात राहणारी माणसं. जुलै लागला की आमचं वाचन एकच, आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी. ४० फुटांला इशारा, ४५ ला धोका. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती जातंय, हे आमच्याकडं तिसरीतलं पोरगंही सांगतं. २००५ झालं, २०१९ झालं, २०२१ झालं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सांगलीच्या नगर वाचनालयातल्या जुन्या ग्रंथांचं तेव्हा जे नुकसान झालं त्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या असतील.

मी ज्या छोट्या वाचनालयात जातो तिथं त्यानंतर एक मोसमी काम सुरू झालंय. आषाढ लागायच्या आत खालचे दोन कप्पे रिकामे करायचे. सभासदांनाच बोलावतात. रांग लावायची, हातोहात पुस्तकं माळ्यावर. पत्रकात नाव नाही, पाहुणा नाही, हार नाही. चहा आणि भजी असतात. वर्षातला सगळ्यात जास्त गर्दीचा कार्यक्रम हाच. पुस्तकं हातातून जाताना प्रत्येकजण एखादं उघडून वाचत बसतो, मागचा ओरडतो, रांग तुंबते. त्या दिवशी जेवढी पुस्तकं लोक 'हे मी घरी नेतो, पाणी उतरल्यावर देतो' म्हणून नेतात, तेवढी देवघेव एरवी महिनाभरात होत नसेल. आता तर ग्रंथपाल मुद्दाम सांगतात, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी जास्त न्या.

सगळ्यात आधी वर काय जातं? दाखल नोंदवह्या. पुस्तक परत घेता येतं. आपल्याकडं काय होतं हेच कळलं नाही तर घ्यायचं काय?

घाटवाट

+१ माईघाट. भिजलेल्या पुस्तकांबद्दल थोडं लिहितो, कारण पूर ओसरल्यावर दरवेळी तीच दृश्यं दिसतात. गच्चीवर कडक उन्हात पुस्तकं पसरलेली. तसं करू नका. पानं वेडीवाकडी होतात, बांधणी उकलते. सावलीत, पंख्याखाली, पुस्तक उभं करून पानं मोकळी ठेवायची, मध्ये कोरा शोषक कागद घालायचा आणि तो बदलत राहायचा. दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, म्हणून घाई याची. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं एकदा चिकटून वाळली की गेलीच, ती ओली असतानाच पानं सुटी करायची. आणि सगळं वाचवायचा हट्ट नको. जी पुस्तकं आजही दुकानात मिळतात ती सोडा. ज्यांची दुसरी प्रत कुठं नाही त्यांच्यावर हात चालवा. गावचे जुने अहवाल, स्मरणिका, हस्तलिखितं.

गोडेतेल

एक शंका. मोठ्या ठिकाणी ओली पुस्तकं गोठवून ठेवतात असं वाचलंय. आपल्या तासगाव-सांगलीला कोल्ड स्टोरेजची काय कमी आहे? हळद, बेदाणा सगळं तिथंच. पुरात मालकांना सांगून पुस्तकं ठेवता येणार नाहीत का?

घाटवाट

कल्पना चांगली आहे, पण बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज शून्याच्या वरच्या तापमानाला चालतं. पुस्तकं गोठवायची तर शून्याच्या बरंच खाली न्यावं लागतं. बेदाण्याच्या खोलीत बुरशीचा वेग मंदावेल, थांबणार नाही. चार-आठ दिवसांची सवड मिळाली तरी हात कमी असताना तीही मोठीच. फक्त पुराचा चिखल लागलेली पुस्तकं कुणी आपल्या मालाशेजारी ठेवू देईल असं वाटत नाही. विचारायला हरकत नाही.

चष्मेबद्दूर

आहाहा. दिवाळी अंक! तपकिरी कागदाचं कव्हर, त्यावर मार्करनं अंकाचं नाव, आणि मागच्या पानावर सही करून नेणारी आजी... गेले ते दिवस. पुण्यात आता सगळं मोबाइलवर. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

देवघेव

सातारा जिल्ह्यात ग्रंथपाल आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. चष्मेबद्दूर, गेले नाहीत हो ते दिवस. आमच्याकडं आजही दिवाळी झाली की पहिल्या सोमवारी दारात माणसं असतात. फक्त ती पन्नाशीच्या पुढची असतात.

मराठीत दिवाळी अंकाची प्रथा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची. वाचनालयांसाठी ही योजना म्हणजे हातात रोख रक्कम येण्याची वर्षातली एकमेव संधी. सभासद एकदाच ठरावीक रक्कम भरतो आणि होळी-पाडव्यापर्यंत अंक फिरवून वाचतो. एका वेळी एक अंक, दोन-तीन दिवसांत परत. सुरुवातीला सगळ्यांना तेच चार नामांकित अंक हवे असतात. मी त्यांची वही वेगळी ठेवते, नाहीतर भांडणं होतात. खरंच होतात. दोन निवृत्त शिक्षक एका अंकावरून माझ्या टेबलापुढं चढ्या आवाजात बोललेले आहेत.

बेदाणा, तुमची योजना तोट्यात का जाते ते तुम्हीच लिहिलंय. तुमच्या सभासदांची दिवाळी फवारणीत जाते आणि तुम्ही योजना दिवाळीत सुरू करता, पाडव्याला बंद करता. म्हणजे नेमका त्यांचा वाचायचा काळ वगळून. ती आषाढापर्यंत चालू ठेवा. दिवाळी अंकात राशिभविष्य सोडलं तर शिळं होणारं काय असतं? (भविष्याची पानं तशीही पहिल्या पंधरा दिवसांत कुणीतरी फाडून नेतं. पाककृतींची ब्लेडनं, अगदी कडेनं, व्यवस्थित.) आमच्याकडं ऊसपट्टा आहे. गळीत हंगाम चालू असताना शेतकरी टोळीच्या आणि ट्रॉलीच्या मागं असतो, ऊस गेला की येतो. मी त्याच्यासाठी अंक राखून ठेवते आणि निम्मी फी घेते. कार्यकारिणीनं सुरुवातीला नाकं मुरडली, पण जमा बाजू बघितल्यावर गप्प बसले.

आता फोटोचं. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली आपल्याला मान्यता आणि अनुदान मिळतं, तपासणी होते, अहवाल द्यावा लागतो, उपक्रम दाखवावे लागतात. हे सगळं बरोबर. पण श्रावणातलं वाचन उपक्रम म्हणून लिहू नका असं मला तरी आजवर कुणी सांगितलेलं नाही. उपक्रमांच्या रकान्यात लिहा, हजर लोकांच्या सह्यांची वही जोडा, सही येत नसेल तर अंगठा घ्या. हार घातल्याशिवाय कार्यक्रम होत नाही, ही सवय आपल्या कार्यकारिण्यांची आहे. परिपत्रकाच्या नावावर ती खपवली जाते.

मला खरा त्रास होतो तो खरेदीच्या मोसमाचा. अनुदान दोन हप्त्यांत येतं. दुसरा हप्ता बहुतेक वेळा मार्चच्या तोंडावर हातात पडतो आणि पुस्तकांची बिलं ३१ मार्चच्या आत हवीत. मग विक्रेता जो गठ्ठा बांधून देईल तो. त्यात व्यक्तिमत्त्व विकास, वास्तू, थोरांची चरित्रं (सगळी ऐंशी पानी, सगळ्यांची मुखपृष्ठं एकाच घाण्यातली). वर्षभर वाचकांनी मागितलेली पुस्तकं राहतात बाजूला. मी आता मागणीवही ठेवते आणि जानेवारीतच त्यातली यादी मंजूर करून घेते, पैसे आले की फक्त ऑर्डर. या वर्षी जानेवारीत साताऱ्याला ९९वं साहित्य संमेलन भरलं तेव्हा ती वहीच पिशवीत घालून नेली होती. प्रदर्शनात फिरताना फार उपयोग झाला.

पगाराबद्दल न लिहिलेलं बरं. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर झाली तेव्हा अभिनंदनाचे फोन आले. मूळ आकडा ऐकल्यावर फोन करणारेच ओशाळले.

पेठेतला

सगळं ठीक. पण मूळ दुखण्यावर कुणी बोलत नाही. वाचनालय आता वाचनालय राहिलंय कुठं? सकाळी सहापासून अभ्यासिका भरलेली. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. पोरं स्वतःची पुस्तकं घेऊन येतात, वाचनालयाचं एक पान उघडत नाहीत. त्यांना हवी खुर्ची, दिवा आणि वाय-फाय. आमच्याकडं तर वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी 'काका, हळू' म्हणतात. सकाळी पेपर वाचायला येणारी म्हातारी माणसं बाहेर कट्ट्यावर बसतात. बारा महिने हाच एक मोसम.

खुर्ची_क्रमांक_नको

पेठेतले काका, मी त्या पोरांतला एक. विट्याजवळच्या गावचा, सध्या सांगलीत खोली करून आहे. पहिली गोष्ट, अभ्यासिकेची फी आम्ही दर महिन्याला रोख भरतो. वीजबिल त्यातून निघतं हे कुठल्याही छोट्या वाचनालयाच्या जमाखर्चात बघा. दुसरी, आमचाही मोसम असतो. जाहिरात आली की जागा मिळत नाही, परीक्षा पुढं ढकलली की अर्धी खोली रिकामी. छाटणी आणि काढणीला आमच्यातली निम्मी पोरं गावाकडं असतात, कारण बाप एकटा पडतो. फेब्रुवारीत शेडवर रात्री जागताना मी चालू घडामोडी वाचल्यात.

आणि आम्ही वाचनालयाची पुस्तकं वाचत नाही हे अर्धसत्य आहे. आमच्या इथल्या ग्रंथपालांनी एक साधी गोष्ट केली. अभ्यासिकेच्या दाराशी कथासंग्रहांची एक मांडणी ठेवली, पातळ पातळ पुस्तकं, देवघेवीची वही तिथंच, स्वतः नोंद करायची. दुपारी जेवल्यावर जी झोप येते ना, त्या वेळात मी पहिल्यांदा मराठी कथा वाचायला लागलो. अभ्यासक्रमात नसलेलं. दोन पुस्तकं अजून माझ्याकडंच आहेत, ते वेगळं.

देवघेव

परत करा आधी. :)

पेठेतला

शेडवर अभ्यास करत असशील तर बाबा तुला मानलं. पण पेपरवाल्या म्हाताऱ्यांचं काय, त्याचं उत्तर राहिलंच.

खुर्ची_क्रमांक_नको

आमच्याकडं पेपरचं टेबल सकाळी नऊपर्यंत पुढच्या खोलीत असतं आणि मधलं दार बंद. दाराला खालून फोम लावलाय. बस एवढंच.

कमंडलू

मी फलटणचा. आमच्याकडं वर्षात एक दिवस वाचनालय पूर्ण भरतं आणि त्या दिवशी एकही पुस्तक दिलं जात नाही. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव करत फलटणला मुक्कामाला येते त्या दिवशी. आमच्या भागातल्या वाचनालयात टेबलं भिंतीला लावून वाचनकक्ष वारकऱ्यांना झोपायला देतात. भिंतीवर 'शांतता राखा'ची पाटी, खाली घोरण्याचा सप्तक. एकदा लातूरकडचे एक आजोबा कपाटाच्या काचेतून पुस्तकांची नावं बोट फिरवत मोठ्यानं वाचत होते, कपाटामागून कपाट. आमच्या शिपायानं किल्ली आणली. आजोबांनी एक पुस्तक घेतलं, चार पानं वाचली, कपाळाला लावून परत दिलं. म्हणाले, उद्या बरडला जायचंय, ओझं नको. यात उपक्रम वगैरे काही नाही. पण वाचनालयाला मोसम असतो म्हणालात म्हणून सांगितलं.

मेणवलीचा_वाडा

तारखा कुणी ठरवल्या, या प्रश्नाला वाईचं उत्तर. वसंत व्याख्यानमालेनं शंभरी कधीच ओलांडली. ती टिकली यात वक्त्यांचा वाटा आहेच, पण मे महिन्याचाही आहे. शाळा-कॉलेजं बंद, मुंबई-पुण्याचे पाहुणे घरी आलेले, दिवसा ऊन आणि संध्याकाळी कृष्णेकडून येणारा वारा. माणूस घरात बसतच नाही, कुठंतरी जायचंच असतं. तीच व्याख्यानं डिसेंबरात, गारठ्यात ठेवली असती तर पाच वर्षांत आटोपली असती. विश्वकोशाचं काम ज्या गावात चाललं तिथली माणसं काही जन्मतः जास्त शहाणी नसतात.

भिलारचं उलटं उदाहरण. २०१७ च्या मे महिन्यात पुस्तकांचं गाव सुरू झालं, घराघरांत पुस्तकं ठेवली, अतिशय सुंदर कल्पना. पण बाहेरचे लोक येतात ते स्ट्रॉबेरी आणि महाबळेश्वरच्या हंगामात, जेव्हा गावातल्या यजमानाला मान वर करायला फुरसत नसते. पावसाळ्यात धुकं, चिंब ओल, पर्यटक तुरळक. वाचायला खरं तर तेव्हा जावं. मी गेलोय. गरम चहा, पांघरूण आणि पूर्ण कपाट आपल्या एकट्याला.

माईघाट

तारखेवरून आठवलं. औदुंबरचं साहित्य संमेलन राहिलं की! १९३९ पासून संक्रांतीला. कृष्णाकाठ, दत्ताचं देऊळ. त्या दिवशी पंचक्रोशीतली माणसं दर्शनाला येतातच, तिळगूळ देतात आणि तसेच मंडपात बसतात. कवी सुधांशुंनी आणि त्यांच्या मित्रांनी तारीख शोधायचे कष्टच घेतले नाहीत. लोक आधीच जमलेले होते, तिथं साहित्य नेऊन ठेवलं. बेदाणा, तुमच्या बाईंनी पोथीच्या मंडपात केलं ते हेच.

गोडेतेल

म्हणजे रथोत्सवाला तासगावात पुस्तकांचा स्टॉल लावायचा म्हणता? गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी एवढी गर्दी असते की स्टॉलच रथाबरोबर जाईल.

बेदाणा

:))) रथाच्या वाटेवर नको. पण आदल्या दिवशी विचार करायला हरकत नाही.

सगळ्यांचे आभार, विशेषतः देवघेवताईंचे. सह्यांची वही हा मुद्दा बैठकीत हत्यार म्हणून वापरणार आहे. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं वाचून कच्चं पत्रक असं करतोय, बघा पटतंय का. ठरलेले दिवस सगळे राहतील, पण शाळेत जाऊन, अर्ध्या तासात, मुलांना एक गोष्ट वाचून दाखवायची आणि परत यायचं. पोरांना रांगेनं वाचनालयात आणायचं नाही. हार एकच, वर्षभर कापडी चालेल. वाचलेल्या पैशातून श्रावणवाचनासाठी एक चांगला दिवा आणि सुटा माईक. दिवाळी अंक योजना आषाढी एकादशीपर्यंत. वर्गणी वसुली एप्रिल-मेमध्ये, सौदे झाल्यावर. हिशेबाला ती पुढच्या वर्षात जाईल, पण थकबाकी म्हणून नुसती वहीत राहण्यापेक्षा बरी. साठापडताळणी मेच्या सुट्टीत, अभ्यासिकेतल्या पोरांना सोबत घेऊन, त्या बदल्यात महिन्याची फी माफ.

एका गोष्टीवर मात्र माझंच ठरत नाही. फेब्रुवारी-मार्चात शेडवर बायका दिवसभर मणी निवडत असतात, हात गुंतलेले, कान मोकळे. तिथं जाऊन वाचावं असं बाईंच्या मनात आहे. मला वाटतं मालकांना ते आवडणार नाही.

देवघेव

मालकांना विचारूच नका, मालकिणीला विचारा. ती स्वतः तिथंच बसलेली असते. आणि कादंबरी नको, रोज निवडायला येणाऱ्या बाया बदलतात, मागचं कुणाला ठाऊक नसतं. एका बैठकीत संपेल अशी कथा न्या. हसवणारी असेल तर उत्तम.

गोडेतेल

हसताना काड्या बेदाण्यात राहिल्या तर सौद्यात भाव पडेल की ओ.

देवघेव

त्या बायका हसतानाही तुमच्याआमच्यापेक्षा स्वच्छ निवडतात. बेदाणा, अजून एक राहिलं. श्रावणातल्या वाचनाची वेळ पत्रकात छापायच्या आधी पोथी वाचणाऱ्या बुवांशी बोलून घ्या. माईक आला की त्यांनाही हवा असतो, आणि मग तुमचा अर्धा तास त्यांच्या अर्थ सांगण्यात जातो. माइकची पिशवी बाईंकडंच राहू द्या.